साठीनंतर सुटलेला व्यायाम पुन्हा धरायचाय? हसत हसत कसा धरता येईल ते इथे लिहा

गोदाकाठ

गुडघेदुखी, मोतीबिंदूचं ऑपरेशन, घरातलं आजारपण, नातवंडांची शाळा. कारण काहीही असो, साठीनंतर व्यायाम एकदा सुटला की सुटतोच. लोक त्याला आळस म्हणतात. मला ते पटत नाही. आमच्या वयात आड येते ती भीती आणि लाज. पडले तर? दम लागला तर? खालची पोरं बघून काय म्हणतील? यावर उपदेशाचा काडीचा उपयोग नाही. मुलगा रोज फोनवर 'आई, चालायला जात जा' म्हणतो आणि आई रोज 'हो रे' म्हणते. पण चार जणी मिळून पोटभर हसल्या की ही भीती आणि लाज दोन्ही सैल होतात. हे मी आमच्या गच्चीवर डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून हा धागा काढतेय.

मी नाशिकची, टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेली. आमच्या आणि शेजारच्या इमारतीत मिळून साठी ओलांडलेल्या बऱ्याच जणी आहेत. कोविडमध्ये सगळ्यांचं फिरणं बंद झालं, ते नंतरही सुरू होईना. गच्चीवर जमायचो, पण गप्पांपुरतं. एकदा बोलता बोलता ट्रंक कॉलचा विषय निघाला. एसटीडी यायच्या आधी बाहेरगावी बोलायचं तर कॉल बुक करावा लागे. ऑर्डिनरी, अर्जंट आणि सगळ्यात महाग लाइटनिंग. लाइन लागली तरी इतकं ओरडावं लागे की आख्ख्या चाळीला बातमी कळायची. मी उभी राहून नक्कल करून दाखवली आणि त्यातून आमचा पहिला व्यायाम निघाला. जागच्या जागी पावलं टाकायची. 'ऑर्डिनरी' म्हटलं की सावकाश, 'अर्जंट' म्हटलं की भरभर, 'लाइटनिंग' म्हटलं की जेवढं झेपेल तेवढं जोरात. मध्येच एक जण ओरडते, "हॅलो, नागपूर, ऐकू येतंय का?" समोरच्या रांगेतून उत्तर येतं, "आवाज येत नाही!" मग सगळ्या कठड्याला धरून टाचा उचलतात आणि आणखी मोठ्याने ओरडतात. छातीभर श्वास घेतल्याशिवाय ते ओरडणं होतच नाही.

दुसरा खेळ पंचवटी एक्स्प्रेसचा. आमच्यातल्या एक जण नोकरीसाठी वर्षानुवर्षं पंचवटीने मुंबईला जात असत, हा त्यांचा शोध. सगळ्यांनी खुर्च्यांवर बसायचं. "दादर आलं!" म्हटलं की उभं राहायचं. तेवढ्यात कोणीतरी म्हणतं, "अगं कुठलं दादर, ठाणं आहे हे!" की पुन्हा बसायचं. उठ-बस हा शब्द कोणी उच्चारतसुद्धा नाही, पण मांड्यांना भरपूर काम होतं.

आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या आजी पंचाहत्तरीच्या आहेत, काठी घेऊन चालतात. त्या मुळी खुर्चीतून उठायच्याच नाहीत. "मी सीएसटीला जाणार, मला दादरला उतरायचं नाही," असं म्हणून ठाण मांडून बसायच्या. आम्ही हसायचो, कोणी आग्रह केला नाही. एका सकाळी 'दादर आलं' झालं आणि त्या म्हणाल्या, "थांबा गं, आज मला दादरला भाजी घ्यायचीय." दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले, थोडं पुढे वाकल्या, एकदा परत टेकल्या आणि मग उभ्या राहिल्या. काठी नंतर हातात घेतली. आम्ही टाळ्या वाजवल्या, तर म्हणाल्या, "टाळ्या कसल्या वाजवताय, पिशवी द्या." आता त्या रोज दादरला उतरतात.

आमचा नियम एकच आहे आणि तो मी फार कसोशीने पाळायला लावते. विनोद दादरवर, नागपूरच्या लाइनवर, कठड्यावर, कबुतरांवर करायचा. कोणाच्या वजनावर, चालण्यावर, कमी ऐकू येण्यावर करायचा नाही. आणि जी हजर नाही तिच्यावर तर अजिबात नाही. एकदा एखादीला वाटलं की आपल्याला हसताहेत, की ती परत येत नाही.

तुमच्याकडे काय करता? नक्की लिहा.

स्पष्टवक्ता

ताई, तुमचे खेळ आवडले. पण हास्यक्लबबद्दल माझं मत चांगलं नाही. आमच्या बागेत सकाळी पंधरावीस जण हात वर करून हा हा हा करत असतात. काही घडलेलं नसताना हसायचं कसं? मला ते जमत नाही आणि बघवतही नाही. विनोद झाला तर हसू येतं, हुकमावर नाही.

जुनी_वही

स्पष्टवक्ता, हास्यक्लबची सुरुवात झाली ती विनोदांपासूनच. अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत १३ मार्च १९९५ ला डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन पहिला क्लब सुरू केला. गोल करून उभं राहायचं आणि एकेकाने विनोद सांगायचा. दोनेक आठवड्यांत चांगले विनोद संपले, मग कोणाला तरी बोचणारे, चावट असे विनोद यायला लागले आणि लोक नाराज झाले. तेव्हा त्यांनी विनोद काढून टाकले आणि हसण्याचाच व्यायाम केला. सुरुवातीला ओढूनताणून आणलेलं हसू घोळक्यात थोड्याच वेळात खरं होतं, हा त्यांचा अनुभव. त्यांच्या पत्नी माधुरी कटारिया योगशिक्षिका आहेत, त्यामुळे श्वसनाचा भाग त्यात आला. 'हो हो, हा हा हा' म्हणत टाळ्या, मग लस्सी हास्य, मोबाइल हास्य, जीभ बाहेर काढून सिंह हास्य. तिथून हे देशोदेशी पोचलं. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी जागतिक हास्यदिन पाळतात तो यातूनच आला. पुण्यात विठ्ठल काटे यांच्या नवचैतन्य हास्ययोग परिवाराच्या शाखा कितीतरी बागांमधून भरतात, त्यात ज्येष्ठच जास्त.

गोदाकाठ ताईंच्या नियमाला या इतिहासाचा भक्कम आधार आहे असं मला वाटतं. विनोद कोणावर करायचा हे ठरवलं नाही, तर घोळका फुटतो.

आणखी एक. अमेरिकेत जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी ज्येष्ठांच्या चार निवासांमध्ये नेमका हाच प्रयोग केला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ताकद, तोल आणि लवचिकपणाच्या नेहमीच्या व्यायामांमध्ये मध्ये मध्ये हसण्याचे प्रकार घातले. माणसं २७ होती, म्हणजे प्रयोग लहानच. पण त्यांचं मानसिक आरोग्य आणि दमसास सुधारला आणि 'आपल्याला व्यायाम जमेल' हा विश्वास वाढला. मला यातली तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. सुटलेला व्यायाम परत धरायला तोच विश्वास लागतो.

सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे, ज्येष्ठांसोबतच काम करते. धागा वाचून फार बरं वाटलं. थोडं सविस्तर लिहिते.

हसणं हा व्यायामाला पर्याय नाही, हे आधी सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ च्या पुढच्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम गतीची हालचाल हवी, किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम हवेत आणि तीन दिवस तोल सांभाळायचे. मध्यम गती म्हणजे चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही इतपत. बहुतेक ज्येष्ठ चालतात, पण ताकद आणि तोल हे दोन्ही सोडून देतात. पडणं टळतं ते त्यांनीच. म्हणून पंचवटीचा खेळ मला फार मोलाचा वाटला. उठ-बस करताना ज्या स्नायूंना काम मिळतं तेच जिना चढायला, संडासातून उठायला आणि ठेच लागली तर सावरायला लागतात.

आम्ही दवाखान्यात हीच चाचणी घेतो. हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. ७० ते ७४ वयाच्या स्त्रीला १० पेक्षा कमी किंवा पुरुषाला १२ पेक्षा कमी वेळा जमत असेल, तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. हाताचा आधार घ्यावा लागत असेल तर घाबरू नका, आजींसारखी तिथूनच सुरुवात करायची.

आता काळजीचं. हर्निया, नुकतंच पोटाचं किंवा डोळ्याचं ऑपरेशन, ताब्यात नसलेला रक्तदाब, काचबिंदू, फिट्सचा त्रास, यातलं काही असेल तर जोरजोरात हसण्याचे, ओरडण्याचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबायचं. आणि एक अगदी साधी गोष्ट, जी कोणी सांगत नाही. हसताना तोल जातो. एका पायावर उभं राहण्याचा व्यायाम चालू असताना विनोद नको. दोन्ही पाय जमिनीवर आले की मग हसा. टाचा उचलताना कठडा धरता ते उत्तम.

तिन्हीसांज

सांधेजोड, इथे नाव दिसत नाही म्हणून विचारायचं धाडस करते. मला हसलं, खोकलं, भरभर चाललं की लघवी होते. थोडीच होते, पण होते. मी फिरणं बंद केलं ते त्यामुळे. मैत्रिणींना गुडघ्याचं कारण सांगितलंय. हसण्याच्या ग्रुपमध्ये तर मी जाऊच शकत नाही. यावर काही असतं का?

सांधेजोड

असतं, आणि तुम्ही विचारलंत हे फार चांगलं केलंत. हा त्रास अतिशय सर्रास आहे. बाळंतपणं आणि पाळी गेल्यानंतरचे बदल यामुळे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. 'वय झालं, चालायचंच' म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही ही.

लघवी आणि वात अडवताना आपण जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, आत आणि वर ओढल्यासारखे. पाचेक सेकंद धरायचं, मग तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास रोखायचा नाही. प्रत्यक्ष लघवी करताना हा सराव करू नका. फरक पडायला साधारण तीन महिने द्यावे लागतात. तोवर एक युक्ती शिकून घ्या. खोकला, शिंक किंवा हसू येतंय असं वाटलं की त्याच्या आधीच ते स्नायू आवळून धरायचे. सरावाने ते आपोआप व्हायला लागतं. पाणी कमी पिऊ नका, त्याने त्रास वाढतो. आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना एकदा दाखवून घ्या. जळजळ होत असेल किंवा काही खाली उतरल्यासारखं वाटत असेल, तर लवकर दाखवा.

गोदाकाठ

तिन्हीसांज, तुमचं वाचून डोळे भरून आले. आमच्या गच्चीवरही अशा जणी असतील आणि बोलत नसतील. उद्याच हा विषय काढते. शेजारपाजारचे पुरुष नसतात तेव्हा आमच्याकडे सगळं बोलता येतं.

कऱ्हाडकर

बायकांचं जमतंय, गड्यांचं अवघड हाय. आमच्याकडं साठीच्या पुढची मंडळी पारावर बसून राहत्यात. चाला म्हटलं की "आयुष्यभर नांगर धरला, आता कसला व्यायाम" हे ठरलेलं उत्तर. हास्यक्लब तर लांबच.

आमच्यातले एक काका मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला असायचे, आवाज असा की पलीकडच्या गल्लीत ऐकू यावा. त्यांनी शाळेच्या मैदानाच्या फेऱ्यांचा लिलाव सुरू केला. "बोला, पाटील किती फेऱ्या? दोन? दोन एक वार, दोन दोन वार... अण्णा तीन म्हणत्यात! अण्णांचा माल बघा, कोरा करकरीत हाय!" बोली लावली की तेवढ्या फेऱ्या मारायच्याच. सौदा फिरवायचा न्हाई, ही बाजाराची रीत. बघता बघता पार निम्मा मोकळा झाला. पैजेला गडी लगेच उठतो, उपदेशाला उठत न्हाई.

पण एकानं जोशात सात बोलली आणि दोन दिवस पाय धरून बसला. तवापासून नियम केलाय, कालच्यापेक्षा एकच वाढवायची. त्याच्यावर बोली गेली की काका हातोडी मारत न्हाईत.

सांधेजोड

कऱ्हाडकर, 'कालच्यापेक्षा एकच' हे मी माझ्या पेशंटना सांगणार आहे. फक्त एक भर घाला. दुसऱ्या दिवशी अंग दुखत असेल तर त्या दिवशी बोली वाढवायची नाही.

चकली

आमच्या डोंबिवलीच्या गटात मंगळागौरीचे खेळ चालतात, तेही श्रावणापुरते नाही, बाराही महिने. झिम्मा, पिंगा, आगोटा-पागोटा आणि सासू-सुनेचं भांडण. भांडणाच्या खेळात पुढे-मागे पावलं टाकत एकमेकींना टोमणे मारायचे असतात. आम्ही ते आजच्या काळातले केलेत: सून म्हणते वायफायचा पासवर्ड बदललाय, सासू म्हणते मग कुकरची शिट्टी लपवलीय. प्रत्येकीने रोज नवा टोमणा आणायचा. त्याच्या विचारात घरचा रस्ता कधी संपतो कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो ऐकवायला यावंच लागतं! ज्या सकाळी अंथरुणातून उठवत नाही त्या सकाळी मला तोच टोमणा उठवतो.

बसफुगडी मात्र बंद केलीय. ज्यांचे गुडघे दुखतात त्या उभ्यानेच, सावकाश फिरतात.

पारवा_न्यूजर्सी

आई हिवाळ्यात इथे असते तेव्हा बाहेर बर्फ, कोणी ओळखीचं नाही, दिवसभर सोफा. सांगलीची मावशी तिकडे संध्याकाळी आणि आई इकडे सकाळी व्हिडिओ कॉल लावून एकत्र व्यायाम करतात. मावशी मोजताना मुद्दाम आकडे चुकवते, "पाच, सहा, सहा, सहा, चार..." आणि आई चिडून हसून मोजायला लागते. एकटीने यूट्यूब लावून तिने कधी केलं नसतं. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने माणसं कधी हसतात याच्या नोंदी ठेवल्या होत्या. एकटं असताना हसतो त्याच्या साधारण तीसपट आपण लोकांबरोबर असताना हसतो, असं त्याला आढळलं. आईकडे बघून ते पटतं.

जुनी_वही

याला जोडून: ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या प्रयोगांत एकत्र हसल्यानंतर लोकांची वेदना सहन करायची क्षमता वाढलेली दिसली होती. ते व्यायामाचे प्रयोग नव्हते, पण ठणकणाऱ्या गुडघ्यांनी पहिली दहा मिनिटं काढायची असतात तेव्हा सोबतीच्या हसण्याने बळ येतं, हे पटण्यासारखं आहे.

बाबांचीलेक

सगळं वाचतेय. आमच्याकडे वेगळं आहे. आई जाऊन वर्ष व्हायचंय. बाबा ७९ चे. दोघं रोज संध्याकाळी फिरायला जायचे, आता ते गेटपर्यंतही जात नाहीत. मी त्यांना हास्यक्लबला नेलं. ते एका कडेला उभे राहिले आणि घरी येऊन म्हणाले, "मला परत नेऊ नकोस, मला ते लोक वेडावतायत असं वाटलं." मला फार वाईट वाटलं. त्यांना हसवायचं कसं?

गोदाकाठ

अगं, हसवू नकोस त्यांना. ज्याच्या घरात दुःख ताजं आहे त्याला दुसऱ्यांचं हसू टोचतं, त्यात त्यांचं काही चुकत नाही. आमच्याकडे एकींचे यजमान गेले तेव्हा त्या कितीतरी दिवस गच्चीवर यायच्या आणि टाकीपाशी बसून राहायच्या. आम्ही त्यांच्यासाठी खेळ थांबवला नाही आणि त्यांना ओढलंही नाही. फक्त रोज एक काम द्यायचो: घड्याळ बघून वेळ सांगायचं. काम असलं की माणूस येतो.

तू बाबांना एखादं काम सांगून बघ. दूध आणायला सोबत, किंवा 'मला अंधारात एकटीला जायचं नाही, चला' असं. त्या जुन्या रस्त्याने नको, दुसऱ्या बाजूने जा. भूक, झोप अगदीच गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांशी बोलायला उशीर करू नकोस. हसू येईल तेव्हा येईल.

स्पष्टवक्ता

वरच्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत. हसण्याची सक्ती कोणावर होता कामा नये, माझं म्हणणं तेच होतं.

बाबांचीलेक

ताई, कळवायचं होतं. बाबांना रोज दूध आणायला सोबत नेतेय, पलीकडच्या डेअरीतून. परवा वाटेत त्यांना तुमचा ट्रंक कॉल सांगितला. बाबा पोस्टात होते. ऐकून लगेच म्हणाले, "पीपी कॉल विसरल्या त्या. ज्याच्या नावाने बुक केला तोच बोलायला आला तर कॉल लागला म्हणायचा." मग पीपी कॉलवर शेजाऱ्यांच्या घरी कसं धावत जावं लागे ते डेअरी येईपर्यंत सांगत होते. हसले नाहीत, पण मधला चढ न थांबता चढले.

गोदाकाठ

बाबांना माझा नमस्कार सांग! पीपी कॉल उद्यापासून सुरू: जिचं नाव पुकारलं जाईल तिने एकटीने जिन्याच्या दारापर्यंत जाऊन यायचं, बाकीच्या जागच्या जागी ऑर्डिनरी. आजींचा कॉल आला तर दोघी सोबत जातील.

स्पष्टवक्ता

सांधेजोड, हास्यक्लबला मी जाणार नाही, पण पंचवटी घरी बायकोबरोबर करायची म्हणतो. खुर्ची कुठली घ्यावी? आमच्याकडे प्लास्टिकच्या आहेत आणि फरशी गुळगुळीत.

सांधेजोड

प्लास्टिकची हलकी खुर्ची मागे सरकते, त्यामुळे शक्यतो लाकडी जेवणाची खुर्ची घ्या आणि खुर्चीची पाठ भिंतीला टेकवून ठेवा. हातांच्या दांड्या असतील तर जास्त चांगलं. बसल्यावर तळपाय पूर्ण जमिनीवर टेकतील आणि गुडघे साधारण काटकोनात राहतील इतकी उंची हवी, मऊ सोफा नको. मोजे घालून करू नका, अनवाणी किंवा रबरी तळाच्या चपला. उठताना आधी पुढे सरकून बसा, पावलं थोडी मागे घ्या, मग नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे वाकून उठा. बसताना धपकन बसायचं नाही, सावकाश. पहिल्या आठवड्यात पाच वेळा उठ-बस, थोडी विश्रांती, पुन्हा पाच. एवढं पुरे. दादर आलंय की ठाणं, हे वहिनींना ठरवू द्या.